बायबल, पाढे आणि शिवणकाम: मराठी मुलुखातल्या मिशन शाळांचा वर्ग

मराठी मुलुखात प्रॉटेस्टंट मिशनच्या प्राथमिक शाळांची परंपरा 1815 पासून सुरू होते. त्या वर्षी अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलांसाठी आपली पहिली शाळा उघडली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते. ते संकट टळल्यावर त्यांनी मराठी शिकायला घेतली आणि दोन वर्षांत शाळा काढली. शाळेचा हेतू उघड होता: मुलांना वाचता यावे, आणि वाचता आले की त्यांनी बायबल वाचावे. एका पुस्तकासाठी मांडलेल्या या वर्गात पुढच्या शंभर वर्षांत पाढे, भूगोल, गाणे, शिवण, सुतारकाम, बागकाम असे विषय येत गेले. ते कधी एकमेकांत गुंफले गेले, तर कधी तपासणीच्या धाकाने सुटे पडले. बायबलाच्या तासाइतकेच या बाकीच्या तासांनीही मराठी प्राथमिक शिक्षणाला वळण दिले आहे.

गोव्यात ख्रिस्ती शाळांची सुरुवात याच्या कितीतरी आधीची. 16व्या शतकापासून तिथल्या चर्चला जोडून गावोगाव शाळा चालत. त्यांत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण, वाचन-लेखन आणि संगीत शिकवले जाई. संगीताचा गुरू तो ‘मेस्त’. तो मुलांना स्वरलिपी वाचायला लावी, चर्चमधल्या गायनासाठी तयार करी आणि व्हायोलिन हातात देई. या शाळांत घडलेल्या गोमंतकीय वादकांची परंपरा पुढे मुंबईच्या सिनेमासंगीतापर्यंत पोचली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला छापले गेले, तेही नवख्रिस्ती लोकांना आपल्याच ओवीत धर्मकथा ऐकता यावी म्हणून. मुंबईला आलेल्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांचा पंथ वेगळा होता, त्यामुळे गोव्याची ही परंपरा त्यांनी पुढे चालवली नाही. त्यांच्यासमोर आयता उभा होता तो पंतोजीचा वर्ग.

पंतोजीची शाळा एखाद्या ओसरीवर किंवा देवळात भरे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोरूसारख्या काडीने त्यावर अक्षर काढायचे, पंतोजीने पाहिले की पाटी हलवून धूळ सारखी करायची आणि पुन्हा गिरवायचे. बोटाला वळण लागेपर्यंत हेच चाले. अंकलिपी झाली की पाढे, आणि पाढे म्हणजे केवळ बे ते तीसपर्यंतचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे तोंडपाठ असत. संध्याकाळी सगळी मुले एका सुरात परवचा म्हणत. शेवटी मोडी लिहिणे, हिशेब आणि पत्रांचे मायने. वाण्याच्या पेढीवर किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरात बसायला एवढे शिक्षण पुरे होई. भूगोल नव्हता, छापील पुस्तक नव्हते, आणि मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले यांना जागा नव्हती.

मिशनने ही शाळा मोडली नाही. सुरुवातीच्या मिशन शाळांत शिकवणारे शिक्षक बहुतेक ब्राह्मण पंतोजीच होते. त्यांना मिशन पगार देई, आणि ते नेहमीचे लेखन-गणित शिकवून मिशनने छापलेली पुस्तकेही वाचून घेत. मिशनरी अधूनमधून येऊन मुलांना प्रश्न विचारी. ही तडजोड दोन्ही बाजूंना अवघड होती, कारण ज्या धर्मावर शिक्षकाचा विश्वास नाही त्याचे पाठ त्यानेच म्हणून घ्यायचे. पण तिच्यामुळे पावकी-निमकी मिशनच्या वर्गात टिकली आणि तिच्या शेजारी छापील मराठी गद्य आले. मिशनचा छापखाना मुंबईत होताच. मराठी नवा करार पुरा होऊन 1826 मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तलिखित पोथीही ज्या घरात नाही त्या घरातले मूल आता छापलेली बाळबोध लिपी वाचू लागले. मुंबईत आणि कोकणात बेने इस्रायल या ज्यू समाजाची मुलेही या शाळांत येत. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले ते मुख्यतः याच समाजासाठी.

त्या काळात मोठ्या वर्गांसाठी एक पद्धत गाजत होती. हुशार मुलांना मॉनिटर नेमायचे आणि एका शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनीच बाकीच्यांना शिकवायचे, अशी तिची रचना. डॉ. अँड्र्यू बेल यांनी ती मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत बसवली आणि 1797 मध्ये लंडनला पुस्तक छापून तिचा प्रसार केला. वाळूत बोटाने अक्षरे काढण्याची युक्ती बेल यांनी मलबारी मुलांच्या शाळेत पाहून उचलली होती. इकडच्या ओसरीवरची रीत अशा रीतीने विलायतेला गेली आणि पुढे ‘नवी पद्धत’ म्हणून सरकारी व मिशनरी शाळांतून इकडे परत आली. श्रेयाचा हा हिशेब शिक्षणाच्या इतिहासात आवर्जून मांडायला हवा.

मुलींच्या शाळेने वर्गाचे विषय खऱ्या अर्थाने वाढवले. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा 1824 मध्ये सुरू केली. डिसेंबर 1827 मध्ये सिंथिया फॅरार मुंबईला आल्या. लग्न न झालेल्या स्त्रीला परदेशी शिक्षणकार्यासाठी पाठवण्याची मिशनची मूळ संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी दहा वर्षे मुंबईत मुलींच्या शाळा पाहिल्या आणि 1839 पासून 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) काम केले. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनी 1829 मध्ये मुंबईला आल्यावर लगेच मुलींचे वर्ग काढले. त्या 1835 मध्ये वारल्या, पण शाळा राहिल्या.

मुलीला शाळेत पाठवायचे तर आईबापांना काहीतरी पटेल असे हवे होते, आणि ते काम सुईदोऱ्याने केले. सकाळी वाचन, पाटीवर लेखन, तोंडी हिशेब, गाणे आणि मग शिवण अशी या शाळांची सर्वसाधारण घडण होती. शिवणाचा तास केवळ हाताचा नव्हता. कापड मापायचे म्हणजे हात, वीत, बोटे यांचा हिशेब आला, तुकड्यांची बेरीज-वजाबाकी आली. टीप सरळ यायची तर डोळा आणि हात यांना शिस्त लागे. शिक्षिका मुलींना काम करता करता गोष्ट सांगे, गाणी म्हणवून घेई. वेळापत्रकात विषय वेगळे लिहिलेले असले तरी चटईवर ते एकत्रच बसत. शिवण हा बायकी विषय म्हणून मुलींच्या माथी मारला गेला, ही टीका रास्त आहे. त्या काळच्या मिशनरी स्त्रियांचीही स्त्रीच्या घरगुती कर्तव्याबद्दलची कल्पना ठाशीव होती. तरीही मुलींना अक्षर आणि अंक सार्वजनिक जागी शिकता आले ते या तासाच्या आडोशाने.

जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. अहमदनगरची मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आपल्याला मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे त्यांनी पुढे सांगितले. 1848 मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या तयारीतही फॅरार यांच्या अहमदनगरच्या शाळेचा वाटा मानला जातो. फुल्यांच्या शाळा मिशनच्या नव्हत्या. त्यांत ख्रिस्ती धर्म शिकवला जात नव्हता. वर्ग कोणासाठी आणि कोणत्या विषयांचा, हे मात्र त्यांनी मिशनच्या शाळेत पाहिले होते. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीने लिहिलेला महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन अंकांत छापला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचे पत्र, 1842 मध्ये अहमदनगरला निघालेले. काही वर्षांच्या शाळेत एक मुलगी केवळ वाचायला नव्हे, तर समाजाला जाब विचारायला शिकली, याचा एवढा सज्जड पुरावा त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही वर्गातून आपल्या हाती आलेला नाही.

भूगोल आणि खगोल हे विषय वरवर साधे वाटतात, पण मिशनच्या वर्गात तेच सर्वांत वादाचे ठरले. भिंतीवर नकाशा लागला, टेबलावर पृथ्वीचा गोल आला, आणि सप्तद्वीपांचे पौराणिक चित्र मुलांच्या मनात डळमळू लागले. मिशनऱ्यांना ते हवेच होते; पुराणातला भूगोल चुकला तर बाकीचे पुराणही चुकले असा त्यांचा युक्तिवाद असे. हा युक्तिवाद फार पुढे गेला नाही. मुंबईत 1822 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या, पुढच्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या, शाळा धर्मशिक्षणाला बाजूला ठेवून तोच भूगोल आणि तेच गणित मराठीतून शिकवू लागल्या होत्या. पृथ्वी गोल आहे हे शिकायला कोणाला धर्म सोडावा लागला नाही. हा विषय मिशनने ज्या कामाला जुंपला, त्या कामातून तो लवकरच मोकळा झाला.

धर्मांतराची भीती मात्र खरी होती आणि तिने शाळा रिकाम्या केल्या. मुंबईत 1839 मध्ये दोन पारशी तरुणांनी आणि 1843 मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत वयाने लहान असल्याने कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. अशा प्रत्येक प्रकरणानंतर पालक मुले काढून घेत. अल्पवयीन मुलांना शिकवता शिकवता त्यांच्या धर्माला हात घालण्याचा हक्क शाळेला असावा का, हा त्या पालकांचा प्रश्न योग्यच होता.

अहमदनगर जिल्ह्यात चित्र वेगळे होते. तिथे मिशनचे ठाणे 1831 मध्ये उघडले आणि पुढच्या दशकांत काम शहरातून खेड्यांकडे, विशेषतः महार-मांग वस्त्यांकडे सरकले. सरकारी शाळांचे दार या मुलांना कागदावरही सहज उघडत नव्हते. 1856 मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा मुंबई सरकारने त्याची बाजू घेतली नाही. सरकारी शाळेत जातीवरून कोणाला नाकारू नये असा निर्वाळा नंतर विलायतेहून आला, पण गावच्या चावडीत तो पोचायला कित्येक वर्षे लागली. मिशनच्या शाळेत या मुलांना बसायला मिळाले. त्यांच्यामुळे वरच्या जातींची मुले निघून गेली तरी मिशनने अखेर त्यांना उठवले नाही, ही या शाळांच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

खेड्यातली अशी शाळा म्हणजे वस्तीतली एक खोली. सकाळी तिथे वर्ग, रात्री मजुरीवरून आलेल्या मोठ्यांचे वाचन आणि रविवारी त्याच खोलीत उपासना. एकच शिक्षक तिन्ही कामे करी आणि सगळ्या इयत्ता एकदम सांभाळी. लहान मुले पाटीवर मुळाक्षरे काढत असताना मोठी मुले मोडी वाचत. मोडीचे महत्त्व त्या वस्तीला नेमके ठाऊक होते, कारण सावकाराचे खत मोडीत असे आणि वाचता न येणाऱ्याचा अंगठा कशावर उमटतो आहे हे सावकारालाच कळे. तिथे लेखन, हिशेब आणि जगणे हे तीन विषय नव्हतेच.

1854 च्या वुडच्या खलित्याने वर्गाचे रूप बदलले. धर्मशिक्षण तपासणीच्या बाहेर ठेवून इतर विषयांच्या दर्जावर खासगी शाळांना सरकारी अनुदान द्यावे, असे त्यात ठरले. बायबलाचा तास त्यामुळे आपोआप बाकीच्या विषयांपासून वेगळा पडला. मुंबई इलाख्यात पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजण्याची रीत आली. शिक्षण खात्याचा डेप्युटी घोड्यावरून गावी येई, एकेका मुलाला वाचायला, लिहायला, हिशेब करायला लावी आणि किती मुले कोणत्या विषयात पास झाली त्यावर शाळेची रक्कम ठरे. खात्याची मराठी क्रमिक पुस्तके मिशनच्या वर्गातही आली. ती घडवण्यात मेजर कँडी यांचा हात मोठा होता. पुस्तके चांगली होती, भाषा प्रमाण झाली, शाळेला पैसा मिळाला. पण गाणे, गोष्ट, हाताचे काम यांना भाव उरला नाही. निकालासाठी पाठांतर सुरू झाले आणि प्रत्येक विषयाची वेगळी कोठी झाली. पैशाने अभ्यासक्रम कसा आखला जातो याचे हे आपल्याकडचे पहिले ठळक उदाहरण होय.

विषय पुन्हा जवळ आले ते बालवर्गातून. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे राहून त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले. मराठी मुलांसाठी सचित्र वाचनमाला तयार करण्याचा उद्योगही त्यांनी तिथे केला. रंगीत लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या यांतून मोजणे, आकार, रंग आणि बोलणे एकदमच शिकवायचे, ही पद्धत त्यांनी इकडे आणली. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन धर्मनिरपेक्ष ठेवण्याचे वचन रमाबाईंनी दिले होते. 1893 मध्ये त्यावरून वादळ होऊन अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. त्यानंतर त्यांचे केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती राहिले. 1896 नंतरच्या दुष्काळात तिथे अनाथ मुली शेकड्यांनी आल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले, आणि शेती, विणकाम, छपाई ही कामे अभ्यासाच्या शेजारीच चालत.

दुष्काळाने अहमदनगरच्या शाळांचेही रूप पालटले. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत पोरकी झालेली मुले मिशनच्या वसतिगृहांत आली. त्यांना केवळ चौथीपर्यंत शिकवून बाहेर सोडणे म्हणजे पुन्हा रस्त्यावर सोडणे होते. सुतारकाम, विणकाम, गालिचे यांचे वर्ग वाढले. 20व्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल या मिशनच्या अभियंत्याने अहमदनगरला सुधारित हातमाग तयार केला. अर्धा दिवस पुस्तक आणि अर्धा दिवस हत्यार असा क्रम अनेक वसतिगृहांत रुळला.

गाण्याच्या तासाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. सुरुवातीची मिशनची गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती आणि मराठी शब्द त्या चालींत अडखळत. 1860 च्या दशकात अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि टाळ-मृदंगाला मिशनच्या आवारात जागा मिळाली. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग आणि ओवी हाच ख्रिस्ती गायनाचा स्वाभाविक साज केला. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात, आणि त्यांच्या कविता ख्रिस्ती शाळांपुरत्या राहिल्या नाहीत. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची पक्षिणीची कविता सगळ्या जातिधर्मांच्या मुलांनी क्रमिक पुस्तकातून पाठ केली. अमेरिकन मिशनने 1872 मध्ये सुरू केलेले ‘बालबोधमेवा’ हे मासिकही असेच घराघरांत मराठी वाचणाऱ्या मुलांसाठी होते.

सगळे विषय एकाच कामात गुंफण्याची पद्धत जाणीवपूर्वक बसवली गेली ती मात्र पंजाबात. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने मोगा इथे खेड्यातल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा चालवली होती. 1920 च्या दशकात तिथल्या प्राथमिक वर्गांत विल्यम मॅकी आणि आयरीन हार्पर यांनी प्रकल्प पद्धत बसवली. मुलांनी घर, दुकान, टपालखाते किंवा शेत असा एक विषय घ्यायचा. घराचा नमुना मातीत उभारताना भिंती मोजायच्या, वस्तूंची नावे लिहायची, उजेड आणि स्वच्छता यांबद्दल बोलायचे. दुकान मांडले की वजन, भाव आणि सुटे पैसे आलेच. 1928 च्या शाही कृषी आयोगाने मोग्याच्या या कामाची दखल घेतली.

याच विचाराचे दुसरे आणि स्वतंत्र रूप महाराष्ट्रात वर्ध्याला दिसते. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाची योजना मांडली. सूतकताईसारख्या एका हस्तोद्योगाभोवती गणित, भाषा, सामाजिक विषय यांचा समवाय साधावा, असे तिचे सूत्र होते. मिशनच्या वर्गात मध्यभागी धर्मग्रंथ होता. वर्ध्याच्या योजनेने तिथे चरखा ठेवला आणि सांप्रदायिक धर्मशिक्षण वगळले. टीका अशी झाली की मुलांची कमाई हा शाळेचा आधार झाला तर शिक्षण मागे पडेल. दुष्काळानंतरच्या मिशनच्या कार्यशाळांनाही हा धोका होता.

1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर स्थानिक बोर्डांकडे आली. खेड्यात बोर्डाची शाळा निघाली की मिशनच्या एकशिक्षकी शाळेची गरज कमी होई. 1950 मध्ये राज्यघटना लागू झाल्यावर बायबलाच्या तासाचे स्थानही ठरून गेले. कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला, आणि कलम 28 प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. 1840 च्या दशकातल्या पालकांच्या तक्रारीला कायद्याने दिलेले हे उत्तर होते. बहुसंख्य ख्रिस्ती शाळांत बिगरख्रिस्ती मुलांसाठी त्या तासाला नीतिशिक्षण आले.

आज राज्य मंडळाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या ख्रिस्ती प्राथमिक शाळांत बालभारतीचीच पुस्तके असतात. तिसरीपासून विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र आणि इतिहास ‘परिसर अभ्यास’ या एकाच नावाखाली येतात, आणि चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचा इतिहास इतर कोणत्याही शाळेसारखाच शिकवला जातो.